पेटीतली ठेच

मागचा शेवटचा स्क्रू निघाला आणि पेटीतून ओल्या नाण्यांसारखा वास आला. ते-वांगने झाकण बाजूला ठेवलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि आत डोकावून पाहिलं. तांब्याच्या वाटा हिरव्या पडून फुलून आल्या होत्या. कपॅसिटर फुगून, फुटून, सुकून गेला होता. स्पीकरच्या कागदाची झुरळांनी चाळण केली होती, आणि चुंबकाच्या आडोशाला त्यांच्या अंड्यांची रिकामी टरफलं ओळीनं चिकटली होती.

"ही कधी बंद पडली म्हणालात?"

"बंद कुठे पडलीय, काका? आवाज बारीक झालाय, एवढंच," काउंटरपलीकडून फांग-यिंग म्हणाली. "आज सकाळी मी घरी कोळंबी सोलत होते, तेव्हा चालू होती."

ते-वांगने मान वर केली. बाई थट्टा करणाऱ्यातली दिसत नव्हती. मासळीबाजारातले रबरी बूट अजून तिच्या पायात होते, बोटं बर्फानं लाल झाली होती, आणि डोळ्यांखाली न झोपलेल्या माणसाची सावली होती.

जपाची पेटी होती ती. मुठीएवढी, वर कमळाचं चित्र. वीज लावली की बुद्धाचं एकच नाम घोळवत राहायची, नमो अमितोफो, नमो अमितोफो. घरातलं माणूस गेलं की देव्हाऱ्यावर लावायची, आणि ते मार्गाला लागलं की बंद करायची. कीलुंग बंदरात घरोघरी अशी पेटी होती आणि सगळ्यांत एकाच गुरुजींचा एकच आवाज होता. दुरुस्तीला आलेली पेटी ते-वांग बहुधा उघडायचाही नाही. नवी घ्या, म्हणायचा. या गावच्या हवेत निम्मं पाणी आणि निम्मं मीठ. पंखे, भाताचे कुकर, हवेतलं पाणी ओढून घेणारी यंत्रं, सगळं त्याच्या दुकानात अकाली म्हातारं होऊन यायचं. त्यातून हल्ली कंपन्या वस्तूच्या पोटातच तिचं मरण शिवून पाठवतात, हे त्याचं ठाम मत होतं. नेमका एक भाग असा हलका घालायचा, की हमी संपली की त्यानंच आधी मान टाकावी.

"मग टिकतं काय, वांगभाऊ?" शेजारी सूप विकणारी चू-वहिनी उकळत्या सुपात माशांचे गोळे सोडता सोडता मुद्दाम डिवचायची. "तुमची जीभ?"

"खोड टिकते, वहिनी," तो म्हणायचा. "भाग सगळे मरतात. वस्तूची खोड तेवढी मागे राहते." आणि तो गोदीतल्या म्हाताऱ्याचा पंखा सांगायचा. मोटर बदलली, पाती बदलली, तरी म्हातारा बटण दाबल्यावर पात्याला बोटानं ढकलायचा. पंख्याची खोड त्याच्या बोटात जाऊन बसली होती.

आज मात्र फांग-यिंगच सांगत होती. पेटी सासूबाईंची. त्या दिवसरात्र तिच्याजवळ बसून असतात, कुणाला हात लावू देत नाहीत. आज त्या मोरीत गेल्या तेवढ्यात हिनं पिन काढून पिशवीत टाकून आणली. आवाज आता खरखरतो, मधेच श्वास लागल्यासारखा तुटतो. आणि एक विचित्र खोड लागलीय तिला.

"सासूबाई जेवायला बसल्या की नेमकी बंद पडते. म्हणून त्यांनी जेवणच सोडलंय. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. नुसतं पाणी, तेही चोरून घेतल्यासारखं." तिनं बोटं एकमेकांत गुंतवली. "डॉक्टर म्हणतात, असं चाललं तर हा महिना काढणं कठीण आहे. पेटी नीट झाली तर त्या जेवतील, काका. एवढं करा."

ते-वांगने पेटी तिच्याकडे वळवली. फांग-यिंगनं आतला हिरवा गंज पाहिला, टरफलं पाहिली.

"ही वर्षभर तरी वाजलेली नाही, पोरी."

ती हसली. मग तिचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"मग मी ऐकते ते काय?"

---

दुकानाचं दार ओढून घेऊन तो तिच्याबरोबर निघाला. पेटी त्याच्या पिशवीत होती. घर कालव्यापलीकडे, चढावरच्या गल्लीत होतं. पुलावर मधोमध एक लोखंडी पत्रा सैल झालेला होता. पाय पडला की तो वाजायचा. ते-वांगच्या पायाखाली वाजला, मग मागून येणाऱ्या फांग-यिंगच्या पायाखाली वाजला. पुलाच्या तोंडाशी ती काहीतरी पुटपुटली होती.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, काका. सवय आहे."

गल्लीत पागोळ्या गळत होत्या. दारादारांतून जपाचे आवाज येत होते, एकाच सुरातले, जणू एकच माणूस प्रत्येक घरात बसला होता. फांग-यिंगनं दाराशी येऊन किल्ली काढली आणि कुलपात घातली. तिचा हात तिथेच थांबला.

आतून जप ऐकू येत होता.

बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. नमो अमितोफो. घंटेचा टोल. नमो अमितोफो. आणि तिसऱ्या खेपेला मधेच, 'अमि' म्हणून, पायरीवरून पाय निसटावा तसा आवाज क्षणभर नाहीसा झाला. मग 'तोफो' आलं.

ते-वांगने नकळत पिशवी पोटाशी धरली. पेटी आत होती. तिची टोकदार कड त्याच्या हाताला लागत होती. फांग-यिंगनं पिशवीकडे पाहिलं, मग दाराकडे. शेवटी किल्ली त्यानंच फिरवली.

देव्हाऱ्यावर लाल दिवे होते. एका चौकटीत सासऱ्यांचा फोटो होता, शेजारच्या चौकटीत तरुण, उन्हानं रापलेल्या माणसाचा. पेटीची जागा रिकामी होती, धुळीत तिचा चौकोन उमटलेला होता. पुढे वेताच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून तिची सासू, आ-बुआन आजी, बसली होती. ते-वांग पायातले बूट न काढताच पुढे गेला आणि वळसा घालून तिच्या समोर उभा राहिला.

तिचे डोळे मिटलेले होते. ओठ जेमतेम हलत होते, दिसतील न दिसतील इतकेच. गळ्याची शीर मात्र तटतटून वर येत होती. नामानंतर ती जिभेनं टाळूवर टोल द्यायची. लांबलेल्या टोलाची घरघरसुद्धा तिनं सोडली नव्हती. तिसऱ्या नामाशी ठेच यायची. स्पीकरचा कागद फाटल्यावर जो किंचित फुरफुराट येतो, तोही तिच्या घशात होता. पेटी मरता मरता जे जे बोलली, ते सगळं म्हातारीनं उचलून घेतलं होतं आणि तिथूनच पुढे चालवलं होतं.



---

परत येताना पुलाच्या कठड्याशी तिनं सगळं सांगितलं. खुन-लुंग, तिचा नवरा, दूरच्या समुद्रातल्या बोटीवर होता. दोन वर्षांमागे बोट आली, तो आला नाही. मग रीतीप्रमाणे धक्क्यावर जाऊन त्याच्या आत्म्याला हाका मारल्या आणि उदबत्ती धरून त्याला घरी आणायला निघाले. वाटेत त्याला सांगत जायचं असतं, वळण आलं, पायऱ्या आल्या, पूल आला. नाही सांगितलं तर गेलेलं माणूस तिथेच थबकतं. पाणी ओलांडायचं त्याला कळत नाही. उदबत्ती तिच्या हातात होती. ते इथे पुलाशी आले आणि तिचा फोन वाजला. बोटीच्या मालकाचा होता. तिला वाटलं, सापडला. ती बोलत बोलतच पूल उतरून गेली.

"भरपाईच्या कागदावर सही कधी करायला येता, म्हणून विचारत होता."

नंतर पुन्हा येऊन सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. देवळात कौल लावला, लाकडी चंद्रकोरी टाकल्या. आला का, विचारलं. दर खेपेला दोन्ही पालथ्या पडल्या, म्हणजे नाही. आजींनी सुनेला एका शब्दानं बोल लावला नाही. सासऱ्यांच्या वेळची पेटी माळ्यावरून काढली आणि लावली, तेवढंच.

"येता-जाता पुटपुटतेस ते हेच?"

तिनं मान डोलावली. खाली कालव्याचं पाणी काळं होऊन उभं होतं.

---

त्यानं ती पेटी दुरुस्त केली. खरं तर त्यात धड असं एकच उरलं होतं. सर्किटच्या पट्टीवर काळ्या लाखेच्या थेंबाखाली आवाजाची चिप होती, आणि लाखेनं तिला मीठ लागू दिलं नव्हतं. ती पट्टी सोडून बाकी सगळं त्यानं नवं घातलं. चांगलं घातलं, हलकं काही नाही. दुसऱ्या दिवशी पेटी देव्हाऱ्यावर लावली तेव्हा गुरुजींचा आवाज खोलीत स्वच्छ भरून राहिला. फांग-यिंगनं पेजेची वाटी आधीच हातात घेतली होती.

आजीनं मान तिरकी केली. ऐकलं. पण तिचे ओठ थांबले नाहीत. एका खोलीत दोन जप सुरू झाले. तिसऱ्या नामाशी एक पुढे निघून गेला, दुसरा मागे राहिला, आणि मग दोघांची गाठ पुन्हा पडेना.

"आजी, आता पेटी म्हणतेय. तुम्ही दोन घास खा," ते-वांग म्हणाला.

ती एकदाच थांबली, आणि तोंडात आग असल्यासारखं भरभर बोलली.

"ही आमची नाही."

"तुमचीच आहे. आतला आवाज तोच आहे, मी शपथेवर सांगतो."

"ठेच कुठाय? लहानपणी लेकानं पेटी पाडली होती, तेव्हाची ती. पेटीतल्या बाबाला ठेच लागली म्हणून हसायचा." तिला धाप लागली. "या गल्लीत दारोदार हाच बाबा बोलतो. माझ्या लेकानं कुठल्या दारात शिरायचं?"

आणि उत्तराची वाट न बघता तिनं पुन्हा नाम धरलं.

ते-वांगच्या लक्षात आलं. जुन्या पट्टीवर एका जोडाला बारीक चीर होती. तिसऱ्या नामाशी आवाज चढला की ती हादरायची आणि आवाज निमिषभर अडायचा. पेटी उघडताच त्यानं ती पाहिली होती, आणि हात धुवावेत इतक्या सहज तिला गरम सोल्डरचा थेंब देऊन बुजवली होती. उभ्या जन्मात त्यानं चीर बघितली आणि बुजवली नाही असं झालं नव्हतं.

आता ती परत पाडायची होती. पण किती? थोडी जास्त झाली तर आवाजच बंद, थोडी कमी झाली तर ठेच नाही. ते मोजायला कुठलं यंत्र नव्हतं. माप होतं ते म्हातारीच्या तोंडात.

तो तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि तिच्याबरोबर म्हणू लागला. आधी तो ठेचेशी लवकर पुढे जायचा, मग फार मागे राहायचा. तिनं डोळे उघडले नाहीत. पण एकदा तिचा सुरकुतलेला हात आला आणि त्याच्या मनगटावर बसला. 'अमि'शी तिनं मनगट दाबून धरलं, आणि सोडलं तेव्हा 'तोफो' आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. लहान मुलाला गिरवायला शिकवतात तसं. पागोळ्यांचा आवाज थांबला, गल्लीत भाजीवाला येऊन गेला, फांग-यिंगच्या हातातली पेज निवली. शेवटी दोघांची ठेच एका जागी, एका मापाची पडू लागली, तेव्हा तो हळूच उठला. तोंडात काठोकाठ भरलेलं पाणी न्यावं तसं ते नाम सांभाळत, कुणाशी न बोलता, पूल ओलांडून दुकानात आला.

जोड तो सुईनं खरवडायचा, पेटी लावायचा, बरोबर म्हणायचा, पुन्हा खरवडायचा. चू-वहिनीनं सूप आणून ठेवलं आणि त्याचं तोंड बघत उभी राहिली.

"वांगभाऊ, भिक्षू झालात की काय? सांगा बाई, म्हणजे मी सुपातले मासे काढते."

त्यानं हातानंच तिला परत पाठवलं. सूप निवून वर चरबीची साय धरली, तेव्हा कुठे पेटीला ठेच लागली. त्याला लागली तिथेच, तेवढीच.

पुन्हा देव्हाऱ्यावर पेटी ठेवली तेव्हा आजीचा आवाज अगदी धाग्यावर आला होता. पेटीनं नाम घेतलं, तिनंही घेतलं. टोल. पुन्हा नाम. तिसऱ्याशी दोघी एकदमच अडखळल्या, आणि एकदमच सावरल्या. आजीच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. आणखी एक फेरा ती पेटीच्या बरोबर चालली, पोराला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जावं तशी. मग तिचे ओठ थांबले. पेटी एकटीच पुढे गेली.

फांग-यिंगनं चमचा पुढे केला. आजीनं तोंड उघडलं.

---

सातवा महिना लागला. त्या महिन्यात मोकळ्या सुटलेल्या आत्म्यांसाठी लोकांनी दारापुढे पाटावर फळं, भात, मद्य मांडलं. चू-वहिनीनं तिच्या मांडवाशी पाण्याची परात आणि नवा टॉवेल ठेवला, दुरून आलेल्यांना तोंड धुवायला. फांग-यिंग मधे येऊन पेरू देऊन गेली होती. आजी जेवतात, म्हणाली, झोपतात. दुपारभर पेटीकडे बघत बसतात, आणि दार लोटू देत नाहीत. कौल? तिनं मान हलवली. अजून पालथाच.

त्या संध्याकाळी, क्वचित व्हायचं तसं, दिवसभर आकाश कोरडं होतं. ते-वांग एका कुकरची तार बदलत होता. चू-वहिनी चिमट्यानं शेगडी सारखी करत सहज म्हणाली,

"त्या म्हातारीची पेटी अजून नेली नाही का कुणी?"

"केव्हाच दिली."

"जाऊ द्या हो. सकाळपासून ऐकतेय मी. कालही चालू होती. तीच ती, मधे पाय घसरल्यासारखी."

ते-वांगने फळीकडे पाहिलं. तिथे दोन पंखे होते आणि एक रेडिओ, तिन्हींच्या पिना काढलेल्या. आणि मग त्याला जाणवलं की वहिनी बोलत होती तेवढा वेळ दुकानात शांतता होती, आणि आता पुन्हा नाम सुरू झालं होतं. त्याची जीभ टाळूवर टोल देत होती.

त्यानं ओठ घट्ट मिटले.

बाहेर शेगडी तडतडली. कुणीतरी दूर कागदी नोटा जाळत होतं, त्याचा धूर गल्लीत लोंबत होता. दुकानाच्या कोरड्या उंबऱ्यावर ओलं उमटलेलं होतं. दोन अनवाणी पावलं, बोटं दुकानाच्या दिशेनं. कुणी उंबऱ्याशी येऊन, ऐकत, थांबावं तशी. आत आलेली नव्हती. परतही गेलेली नव्हती. तो बघत होता तोवर टाचांपाशी पाणी अजून पसरतच होतं, आणि त्याला डिझेलचा आणि खोल समुद्राचा वास होता.

कालव्याच्या अलीकडचं दार हे. ते-वांगनेच ठेच इथे आणली होती, इथे दिवस-दिवस म्हटली होती.

चू-वहिनीनं त्याच्या नजरेमागून उंबऱ्याकडे पाहिलं. तिच्या हातातला चिमटा खाली आला. परातीजवळचा टॉवेल उचलून तिनं उंबऱ्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

ते-वांग उठला. त्यानं काउंटरवरची उदबत्ती पेटवली आणि दोन्ही हातांत धरली. उंबरा त्यानं कडेनं ओलांडला, त्या पावलांना धक्का न लावता. दुकान उघडंच टाकून तो चालू लागला. मागे वळून बघायचं नसतं, तेव्हा त्यानं बघितलं नाही. फक्त नाम मोठ्यानं म्हणू लागला, आजीनं मनगट दाबून शिकवलं होतं तसंच. कोपऱ्यावर वळण आलं म्हणून सांगितलं. गटारावरच्या फळीशी फळी सांगितली.

पुलाच्या तोंडाशी खिशातला फोन वाजू लागला. त्यानं तो वाजू दिला. तिसऱ्या नामाशी 'अमि' म्हणून तो अडला, आणि त्या अडखळलेल्या क्षणात म्हणाला,

"पूल आलाय, खुन-लुंग. पाणी ओलांडायचंय, बाळा."

मधोमध सैल पत्रा त्याच्या पायाखाली वाजला. तो पुढे गेला. मग एका ठेचेएवढा वेळ सरला, आणि पत्रा पुन्हा वाजला.